दुसऱ्या पिठाच्या पुऱ्या

त्या दिवशी माझी सगळ्यात मोठी अडचण लघवीची होती. गर्भ आत सोडताना मूत्राशय भरलेलं लागतं, नाहीतर सोनोग्राफीत काही धड दिसत नाही. म्हणून सिस्टरने बजावलं होतं, निघायच्या आधी लिटरभर पाणी प्यायचं आणि नंतर जायचं नाही. मी कोणाचं ऐकणारी बाई नाही, पण त्या दिवशी ऐकलं. सुरतेला उधन्यात रिक्षात बसले तेव्हा सगळं ठीक होतं. पुढे मेट्रोसाठी रस्ता खणून ठेवलेला आणि रिक्षावाला एकही खड्डा सोडायला तयार नाही. चौथ्या खड्ड्यानंतर मी त्याला हिंदीत चार शब्द सुनावले.

शेजारी माझी नणंद बसली होती. माझ्या नवऱ्याची मोठी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणते, ती मला वहिनी. घरात आम्ही सगळे अहिराणीच बोलतो, सुरतेत दोन पिढ्या काढल्या तरी ती काही सुटली नाही. ताईने माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

"वहिनी, गाडी हळू लेवाले सांगू का?"

"हळू नको, लवकर ले म्हण. मन्हा जीव जाई राहिना."

ती हसली नाही. एरवी ती माझ्या बोलण्यावर पोट धरून हसते, पण त्या दिवशी तिला माझ्या तोंडून 'जीव जातो' हे शब्दसुद्धा नको होते. 

आम्ही जिच्यासाठी निघालो होतो ती गोष्ट तिची होती. तिची आणि तिच्या नवऱ्याची. माझं त्यात फक्त पोट होतं. आठ वर्षांपूर्वी सातव्या महिन्यात ताईचं बाळ पोटातच गेलं, रक्त थांबेना, आणि तिला वाचवायला डॉक्टरांनी तिची पिशवी काढून टाकली. बीजकोश मात्र शाबूत होते. पुढे बरीच वर्षं देवळं आणि दवाखाने झाल्यावर कोणीतरी सांगितलं, बाळ तुमचंच होऊ शकतं, वाढवायला दुसरी कोणी हवी. तिचं बीज आणि तिच्या नवऱ्याचं बीज घेऊन दवाखान्यात दोन गर्भ तयार झाले आणि थंड पेटीत जाऊन बसले.

मी हो म्हटलं ते काही मोठ्या मनाने नाही, रागाने. माझ्या मुलीचा नववा वाढदिवस होता. ताई तिची वेणी घालत होती. आमच्या चुलत सासूबाई आल्या, दोन मिनिटं बघत राहिल्या आणि मुलीला हाताला धरून उठवलं, अर्धी वेणी तशीच. "चाल, मी घालस तुले," म्हणाल्या. ताई कंगवा हातात धरून बसून राहिली. मूल नसलेल्या बाईचा हात पोरीला नको, हे सगळ्यांना कळलं होतं. माझं डोकं असं सटकलं की मी केक कापायच्या आधीच सगळ्यांसमोर म्हटलं, ताईचं बाळ मी पोटात वाढवते, बघू कोण काय म्हणतं. बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. पण बोललेलं मागे घेणं मला जन्मात जमलेलं नाही.

नवरा लूमच्या कारखान्यात आहे, बारा तास तो खडखडाट ऐकून आलेला माणूस घरी कमीच बोलतो. तो एवढंच म्हणाला, "तू ठरवलंस म्हणजे झालंच." सासूबाई मात्र बोलल्या.

"जवाईनं पोर मन्ही सूनना पोटमा? भाऊबंदमा तोंड कसं दखाडू मी?"

मी त्यांना समजावलं. जावयाचा यात माझ्याशी काही संबंध नाही आई, दवाखान्यात विरजण लागलेलं आहे, मी फक्त पातेलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य गिळलं. त्या दिवसापासून त्यांनी हा विषय तोंडातून काढलाच नाही. ना विरोध, ना होकार. दवाखान्याला त्या 'तठे' म्हणायच्या, तिथे.

कागदपत्रांत वर्ष गेलं. यात पैशाचा व्यवहार चालत नाही, बाईला स्वतःचं मूल असावं लागतं, आयुष्यात एकदाच करता येतं, असे सगळे नियम. शेवटी कोर्टात जाऊन उभी राहिले. साहेबांनी विचारलं, कोणाच्या दबावाखाली करताय का? मी म्हटलं, साहेब, दबावाखाली मला कोणी साधा चहा करायला लावू शकत नाही. माझा नवरा जमिनीकडे बघत राहिला. साहेबांनी सही केली.

पहिला गर्भ हिवाळ्यात सोडला. तो टिकला नाही. त्यात माझ्या हातून एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. दवाखान्यात रक्त द्यायच्या आधीच मी मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणून गुपचूप पाहिली. एकच रेघ. मी ते तीन दिवस लपवलं, ताईला सांगायची हिंमत झाली नाही. त्या तीन दिवसांत ताई रोज माझ्यासाठी डाळिंबाचे दाणे सोलून डब्यात घेऊन येत होती आणि मी ते खात होते. नंतर तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वहिनी, तुले तर मालूम व्हतं." त्या डाळिंबांबद्दल मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. मी तिला शब्द दिला, पुढच्या वेळी पट्टी नाही आणि लपवाछपवी नाही, जे असेल ते तोंडाने सांगेन.

पुढची वेळ म्हणजे ही. पेटीत एकच गर्भ उरला होता. ताई अडतिसाची झाली होती, पुन्हा बीज काढणं तिच्या तब्येतीला झेपणार नाही असं डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. हे झालं नाही तर संपलं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. म्हणून ती रिक्षात हसत नव्हती.

दवाखान्यात पोचलो तर आधीची बाई अजून आत होती. वीस मिनिटं मी भिंतीला धरून उभी. मग सिस्टरने आत घेतलं आणि पहिल्यांदा माझ्या केसांचा वास घेतला. आत सेंट, पावडर, वासाचं तेल काही चालत नाही, गर्भाला सोसत नाही. आदल्या दिवशी ताईने प्रेमाने माझं डोकं चोळून दिलं होतं, आवळ्याच्या तेलाने. सिस्टरने कपाळाला हात लावला आणि माझ्या डोक्यावर एकावर एक अशा तीन टोप्या चढवल्या. ताई अपराध्यासारखी कोपऱ्यात उभी राहिली. मी तिला म्हटलं, तीन टोप्यांत मी कशी दिसते ते तरी बघ. तेव्हा कुठे ती जरा हसली.

आतल्या खोलीला भिंतीत एक छोटी खिडकी होती. ती उघडून पलीकडच्या मुलीने आमची नावं विचारली, माझं आणि ताईचं, दोनदोनदा. मग समोरच्या पडद्यावर ते दिसलं. फुगलेल्या साबुदाण्याचा एक दाणा, एवढंच. एका कडेला जरा दाट, बाकी निर्मळ. डॉक्टरबाई म्हणाल्या, देखो, ये है. मी बघितलं आणि मला कसलंच मातृत्व वगैरे वाटलं नाही. मला वाटलं, हे इतकं लहान आहे आणि या दाण्यामागे ताईची आठ वर्षं उभी आहेत. 

ताई माझ्या डोक्याशी उभी होती. तिने पडद्यावरची नजर न हलवता विचारलं, "जितं शे ना ते?"

डॉक्टरबाईंना कळलं नाही. मी हिंदीत सांगितलं, विचारतेय की जिवंत आहे ना. डॉक्टरबाई ताईकडे वळल्या. म्हणाल्या, जिवंत तर आहे. टिकेल की नाही ते चौदा दिवसांनी रक्तातच कळेल, त्याआधी कोणी सांगू शकत नाही, मीही नाही. मग एक बारीक नळी, सोनोग्राफीच्या पडद्यावर एक पांढरा ठिपका, आणि झालं. साडीला फॉल लावायला मला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

खरी परीक्षा नंतर होती. पंधरा मिनिटं आडवं पडून झाल्यावर सिस्टर म्हणाली, जा आता बाथरूमला. इतका वेळ जीव टांगणीला लागलेला, आणि आता जायचं तर पाय उचलेना. मी विचारलं, सिस्टर, तेपण वाहून नाही ना जाणार? ती हसून म्हणाली, सगळ्याच विचारतात. जागा वेगळी आहे, जा बिनधास्त. मी गेले, पण बिनधास्त नव्हते.

घरी आले तर माझ्या शिलाई मशीनचा पट्टा गायब. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. राखीचा सण तोंडावर, कपाटात सतरा ब्लाउज पडलेले. डॉक्टरबाईंनी हलकं काम करायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं. मी सगळं घर शोधलं, मुलीवर आरडाओरडा केला, नवऱ्यावर केला. सासूबाई माळ ओढत शांत बसल्या होत्या. तेव्हा मला कळलं की पट्टा कोणाकडे आहे. विचारलं तर म्हणाल्या, "माले काय मालूम." मी चार दिवस हातशिलाई केली आणि मनातल्या मनात त्यांना बोलत राहिले.

हे सगळं श्रावणात चाललं होतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आम्हा खान्देशातल्या लोकांकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, दागिने घालून देवी सजवतात, आणि तिच्या नैवेद्याला रोट करतात. रोट म्हणजे गव्हाच्या जाडसर पुऱ्या, पण त्यांचा नियम कडक. घरात जेवढी माणसं तेवढे वाटे, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे, ते वेगळे दळायचे, आणि ते रोट फक्त त्या कुळातल्या माणसांनी खायचे. लग्न होऊन गेलेली मुलगी दर्शनाला येते, नाचते, पण रोट खात नाही, कारण ती आता दुसऱ्या कुळाची. आमच्याकडे तिला साध्या पिठाच्या पुऱ्या वाढतात. आणि रोट पौर्णिमेच्या आत संपले पाहिजेत, उरले तरी बाहेर कोणाला द्यायचे नाहीत.

शुक्रवारी सकाळी आंघोळ करून सासूबाई गहू मोजायला बसल्या. मी ओट्याशी होते, पण कान आणि डोळे तिकडेच. आम्ही घरात चार जणं. सासूबाईंनी स्वतःच्या नावाने सव्वा मूठ घेतली, लेकाच्या नावाने घेतली, नातीच्या नावाने घेतली. मग फडकं बांधायला लागल्या.

मी वाट पाहिली. वाटलं विसरल्या असतील, वय झालंय. पण त्या विसरत नाहीत, माझ्या माहेरच्यांनी चौदा वर्षांपूर्वी मानपानात काय कमी केलं ते त्यांना अजून पाठ आहे. त्यांनी फडक्याला गाठ मारली आणि देवापुढे ठेवून उठल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं मी त्या घरात रोट लाटले होते, तळले होते, ताटं वाढली होती. आणि या वर्षी, यांच्याच लेकीचं ओझं पोटात घेऊन बसले तर मला घरातून वजा करून टाकलं. सून बाटली म्हणा ना सरळ. माझ्या मनात हेच आलं की भाऊबंदांपुढे त्यांना माझी लाज वाटते, आणि बोलायची हिंमत नाही म्हणून गव्हातून सांगतायत. त्या फुलं आणायला खाली गेल्या तेवढ्यात मी गाठ सोडली, डब्यातून एक मूठ गहू घेतले, वर पाव मूठ, आणि फडक्यात टाकून पुन्हा तश्शी गाठ मारली. माझीही आंघोळ झालेली होती. देवीकडे बघून म्हटलं, तुझं माझं काही भांडण नाही.

शनिवारी गल्लीतल्या चक्कीवाल्याने नेहमीप्रमाणे चक्की धुऊन आमच्या लोकांचे गहू दळून दिले. त्यात माझी सव्वा मूठही दळली गेली.

रविवारी संध्याकाळी घर माणसांनी भरलं. चुलत दीर, त्यांची माणसं, त्या वेणीवाल्या चुलत सासूबाई, सगळे. ताई सुरतेतल्याच पर्वत पाटियाहून दर्शनाला आली, दुकान लवकर बंद करून. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं तिकडे लेस आणि बॉर्डरचं छोटं दुकान आहे. ती माझ्याकडे बघत होती पण पोटाकडे बघायचं टाळत होती. गर्भ सोडून पाच दिवस झाले होते, आणि या पाच दिवसांत आम्ही दोघीही प्रत्येक वाक्य 'झालं तर' ने सुरू करत होतो. दवाखान्यात तेच, फोनवर तेच. झालं तर, राहिलं तर.

आरती झाली, पानं मांडली. सासूबाईंनी ताईला एका बाजूला बसवलं, तिच्या पानात साध्या पुऱ्या वाढल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू बी आठेच बठ." इथेच बस. ताईच्या शेजारी. आणि माझ्या पानातही साध्या पुऱ्या.

मी पान पुढे सरकवलं. "आई, मला रोट."

"तुले नही."

 चुलत सासूबाईंनी घास हातातच धरला. मी शब्द आवरायचा प्रयत्न केला असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, चौदा वर्षं या घरात आहे मी. कोणत्या गुन्ह्यासाठी मला बाहेर बसवलंत ते सगळ्यांसमोर सांगा. तुमच्याच लेकीसाठी रोज कमरेत सुया घेते मी. लाज वाटत असेल तर तसं बोला, गहू कमी मोजून दाखवू नका.

सासूबाईंच्या हातात पुऱ्यांची परात होती. त्यांनी ती खाली ठेवली आणि माझ्यासमोर बसल्या. आवाज चढवला नाही.

"लाज कसानी? तुन्हा पोटमा मन्ही आंडेरनं लेकरू शे. ते तिन्हा सासरना कुळनं शे. तू रोट खादा म्हणजे ते आपला देवनं व्हई जाई. मंग मी मन्ही आंडेरले काय देऊ?"

माझ्या लेकीचं लेकरू तुझ्या पोटात आहे. ते तिच्या सासरच्या कुळाचं. तू रोट खाल्लास तर ते आपल्या देवाचं होऊन जाईल, मग मी माझ्या लेकीला काय देऊ.

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं, आणि मी मान खाली घातली. शे, म्हणाल्या होत्या त्या. आहे. ना झालं तर, ना राहिलं तर. ज्या बाईने वर्षभर या विषयाला तोंडात जागा दिली नव्हती, तिने भरल्या पंगतीत, भाऊबंदांसमोर, पाचव्या दिवशी सांगून टाकलं की आहे. आणि मी समजत होते की मला घरातून वजा केलं. त्यांनी शुक्रवारपासूनच आम्हा दोन जीवांना एक पाहुणा धरून वेगळं मोजलं होतं.

शेजारी ताई जेवत होती. म्हणजे तिने पुरीचा तुकडा मोडला होता, पण तो अजून तोंडात गेला नव्हता. चुलत सासूबाई आपल्या पानाकडे बघून जेवू लागल्या.  मला खूप बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

पण आता माझ्या सव्वा मुठीचं काय? मी सांगून टाकलं. आई, मी रागाने माझ्या नावाचे गहू टाकले त्यात.  सासूबाई लेकाकडे वळल्या. "तिन्हा वाटाना रोट तूच खाय. पौर्णिमापावत सरायले पाहिजेत." माझा नवरा काही न बोलता पौर्णिमेपर्यंत रोज डब्यात रोट घेऊन कारखान्यात जात राहिला. चौथ्या दिवशी मात्र म्हणाला, पुढच्या वेळी राग आला तर दुसरं काहीतरी कर.

त्या रविवारनंतर मला उलट जास्त भीती वाटायला लागली. आधी निकाल वाईट आला तर ताईला तोंड दाखवायचं होतं. आता सासूबाईंनाही. त्या तर चक्क राहणारच असं धरून चालल्या होत्या. भाजी घेताना माझ्यासाठी शेपू वेगळी घ्यायच्या, मशीनचा पट्टा अजून लपवलेलाच होता. कोणी आपल्यावर इतका विश्वास टाकला की चालतानाही पाऊल जपून पडतं.

पौर्णिमेला सकाळी मला डाग दिसला. तांबूस, नखाएवढा. मी बाथरूममध्ये किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही. पहिल्या वेळीही असंच सुरू झालं होतं. बाहेर ताई राखी बांधायला आलेली, भावाला ओवाळत होती, मुलगी पेढ्याची पेटी उघडत होती. वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मग डब्यातले ते डाळिंबाचे दाणे डोळ्यासमोर आले. मी तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं.

तिने विचारलं, "कितलं?"

मी नख दाखवलं. तिने माझं नख हातात धरून पाहिलं, त्याच्यावरच काही लिहिलेलं असावं तसं. मी दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, याचा काहीही अर्थ असू शकतो, चांगलाही, औषधं बंद करू नका, ठरलेल्या दिवशी रक्त द्या. फोन ठेवला तर दारात सासूबाई. किती ऐकलं होतं कोण जाणे. त्यांनी दुधाचं पातेलं उतरवलं, गॅस बंद केला, आणि ताईला म्हणाल्या, "तुन्हा टाइमले माले बी असाच डाग दिखना व्हता."

ताईला अडतीस वर्षांत हे कोणी सांगितलं नव्हतं. "मन्हा टाइमले?" ती म्हणाली.

"हां. आनि तू शे ना."

एवढं बोलून त्या पेढा खायला बाहेर गेल्या. ताईने आणि मी एकमेकींकडे पाहिलं आणि पहिल्यांदा दोघी मिळून रडलो. आवाज न करता, नळ सोडून. दुसऱ्या दिवशी डाग नव्हता. तिसऱ्याही दिवशी नव्हता. मेडिकलच्या दुकानावरून मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा रस्ता ओलांडून पलीकडून गेले.

चौदाव्या दिवशी सकाळी रक्त दिलं. रिपोर्ट तीन वाजता मिळणार होता. ताई म्हणाली, मी येत नाही. मी तिथे असले तर तू बोलायच्या आधी मी तुझं तोंड वाचीन. मी दुकानात बसते, तू फोन कर आणि शब्दात सांग. तिचा नवराही मुद्दाम मालाच्या नावाखाली मार्केटला निघून गेला होता. त्याच्याच्याने घरात बसवत नव्हतं.

माझ्याबरोबर सासूबाई आल्या. 'तठे' त्या पहिल्यांदाच येत होत्या. बाकड्यावर पदर सावरून बसल्या, समोरच्या भिंतीवरचे गोऱ्या बाळांचे फोटो बघून म्हणाल्या, सगळी एकाच घरची दिसतात. तीन वाजून गेले. सव्वातीन. साडेतीनला सिस्टरने मला आत बोलावलं. डॉक्टरबाईंनी कागद माझ्यापुढे फिरवला आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. एवढा असला की आम्ही हो म्हणतो, त्या म्हणाल्या, आणि तुमचा याच्या कितीतरी वर आहे. अजून बराच पल्ला आहे, पण आज हो.

मी बाहेर आले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आधी माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली, मी काही उचलू नये म्हणून.

मी ताईला फोन लावला. पहिल्याच घंटीला तिने उचलला. मागे पर्वत पाटियाच्या रस्त्याचे हॉर्न ऐकू येत होते.

"सांग," ती म्हणाली.

"ताई, शे."

  मग ती म्हणाली, "आखो एकदाव सांग." मी पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आखो." मी तिसऱ्यांदा सांगितलं. आणि मग ती रडायला लागली, दुकानात, गादीवर, मोठ्याने. आठ वर्षांत मी तिला असं रडताना ऐकलं नव्हतं.

दुकानात गिऱ्हाईक असावं. एका म्हाताऱ्या माणसाचा घाबरलेला आवाज आला, "बेन, शुं थयुं? कोई ऑफ थई गयुं?" सुरतेत माणूस गेला की असंच विचारतात.

ताईने श्वास घेतला. फोन तिच्या हातातच होता, म्हणून मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

"ना भाई," ती म्हणाली. "कोई आवे छे."